साप पाळताना

गेल्या सुट्टीत लंडनला मामांकडे गेलो, तर मामेभावाने ‘कॉर्न स्नेक’ या अमेरिकेतल्या बिनविषारी सापाचे पिल्लू आणलेले! माझी बोबडीच वळली. घट्ट झाकणाची काचपेटी, एका टोकाला सुमारे ३० अंश ऊब, दुसरे टोक थंड. दोन्हीकडे लपायला जागा आणि पाण्याचे भांडे. पहिला आठवडा त्याला हात लावायचा नाही. मग आठवड्यातून एकदा, गोठवलेले उंदराचे पिल्लू कोमट करून द्यायचे. त्यानंतर दोन दिवस उचलायचे नाही. भीती मोडल्यावर उत्साहाच्या भरात मी त्याला उचललेच. बिचाऱ्याने खाल्लेले सारे ओकून टाकले! माया म्हणजे कुरवाळणे नव्हे, हे मला तेव्हा उमगले.

आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग-धामण पकडून पाळणे गुन्हाच आहे. मित्रहो, त्यांना दुरूनच नमस्कार करावा!