बांधावरची तोंडी परीक्षा

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ साली तयार झाला खरा. परंतु लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी धास्ती शेतकऱ्यांच्या मनात इतकी खोल रुजलेली होती, की पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लोटावी लागली. फाळाची घडण आणि बैलांवर पडणारा ओढीचा भार यांच्या ज्ञानाइतकीच शेतकऱ्याच्या मनाची जाण हीदेखील कृषी अभियांत्रिकी या विद्येचे अंग आहे. आणि राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथून कृषी अभियांत्रिकीची पदवी घेऊन येणाऱ्या तरुणाला चाकरीवर ठेवणारा मालक जे धुंडाळतो, व पुष्कळदा ज्याची उणीव त्याला भासते, ते हेच होय, असे माझे मत आहे.

समजा, डाळिंबाच्या बागेत ठिबकचा संच बसून तीन वर्षे झाली आहेत आणि लॅटरलच्या, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या उपनळीच्या, टोकाकडची झाडे सुकू लागली आहेत. पिकाची पाण्याची गरज, नळीतील घर्षणाने होणारी दाबाची घट, पंपाची अश्वशक्ती यांची गणिते पदवीधराला मुखोद्गत असतात. तथापि गाळणीच्या अलीकडील व पलीकडील दाबमापकांचे आकडे ताडून पाहावे. त्यांत फार अंतर असेल तर गाळणी तुंबली असे समजावे. अंतर बेताचे असेल तर लॅटरलचे टोक उघडून बाहेर येणारे पाणी ओंजळीत घेऊन निरखावे. पांढरी पुटे दिसली तर ते विहिरीच्या जड पाण्यातले क्षार, त्यांवर आम्लप्रक्रिया करावी, आणि हिरवट बुळबुळीतपणा आढळला तर ते शेवाळ, त्यावर क्लोरीन वापरावे, हा क्रम त्याच्या हाताला ठाऊक नसतो. शिवाय गाळणी शेवटची केव्हा धुतली, हा प्रश्न बागाईतदाराला अपमान न वाटेल अशा रीतीने विचारावा लागतो; ती भाषा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ठिबकच्या कारखान्याला, अवजारे बनविणाराला, किंवा गावोगावी अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्राला मुख्यतः हाच माणूस हवा असतो.

या विद्येचा आपल्या देशातील आरंभ वर्ग आणि शेत यांच्या अशा विभक्तपणाचा नव्हता. अमेरिकेहून अलाहाबादच्या कृषी संस्थेत आलेले मेसन वॉ यांनी 'वाह वाह' नावाचा नांगर येथील बैलांच्या बेताने घडविला, आणि त्याच संस्थेत १९४२ साली कृषी अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. कर्मशाळा, शेत आणि वर्ग ही तेथे शेजारी नांदत होती.

सरकारला ही उणीव उमगलेली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ पासून 'स्टुडंट रेडी' या योजनेखाली ग्रामीण कार्यानुभव व कारखान्यातील प्रशिक्षण यांची तजवीज पदवीच्या अभ्यासक्रमात झाली आहे. परंतु कारखान्यात घालविलेल्या दिवसांचा दाखला मिळाला आणि अहवाल दप्तरी दाखल झाला, की शिरस्ता पुरा झाला असे मानण्याची सवय जडली, तर उत्तम योजनाही कागदावर सुकते. म्हणून माझी सूचना परीक्षेसंबंधी आहे. अखेरच्या वर्षाची एक तोंडी परीक्षा बांधावर व्हावी; परीक्षकांत महाविद्यालयाचा प्राध्यापक, कारखान्याचा सेवा-अभियंता आणि ज्याचे शेत आहे तो शेतकरी असे तिघे बसावेत; बिघडलेले पेरणीयंत्र किंवा तुंबलेला ठिबक-संच विद्यार्थ्यापुढे ठेवावा, आणि तो दुरुस्त होऊन शेतकऱ्याला त्याचे कारण समजले की नाही, यावर गुण देण्याचा अधिकार त्या शेतकऱ्याकडे असावा.