विश्लेषण : गोठ्यातली फियाट आणि ऐंशीची स्पीड, जुन्या ‘फास्ट’ गाड्या खरंच किती वेगवान होत्या?

‘आमची फियाट ऐंशीनं पळायची’, ‘मारुती म्हणजे नुसता वारा’, ‘काँटेसाच्या नादाला कुणी लागायचं नाही’... शिरूर कासारच्या बाजारात पन्नाशी-साठीतल्या चार जणांत गाड्यांचा विषय निघाला, की ही वाक्ये हमखास कानावर येतात. त्यातल्या काही गाड्या अजूनही कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या आहेत. वीस वर्षांवरील वाहनांच्या फेरनोंदणीचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दुप्पट झाले आणि त्या ठेवायच्या की भंगारात द्यायच्या, हा प्रश्न अनेक घरांत आला. आमच्याही आला. त्या गाड्या खरंच वेगवान होत्या का, तशा का वाटायच्या आणि आज त्यांचे काय करता येते?

गावात ‘फास्ट’ गाडी कशासाठी लागायची?

शहरात वेगवान गाडी ही हौस होती. आमच्या भागात ती गरज होती. बीड शहरात पहिली रेल्वे पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. ‘१०८’ रुग्णवाहिका महाराष्ट्रात सुरू झाली २०१४ मध्ये. त्याआधी रात्री-अपरात्री बीड किंवा नगर गाठायचे तर शेवटची एसटी गेलेली असायची आणि काळी-पिवळी जीप सकाळशिवाय निघायची नाही. उरायची ती गावातली एखादी खासगी गाडी.

आमच्या अण्णांनी १९९१ मध्ये पुण्याहून एक सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी आणली. पद्मिनी हे नाव कागदावरच. सगळे तिला फियाटच म्हणायचे. नंबर जुन्या पद्धतीचा, पुढे ‘एमएच’ नसलेला, कारण ही मालिका १९८९ पासूनची. हँडलला गिअर, सकाळी चोक ओढल्याशिवाय चालू न होणारी. १९९३ च्या पावसाळ्यात एका रात्री शेजारच्या मळ्यातून हाक आली, ‘अण्णा, गाडी काढा, पोराला पान लागलंय.’ साप चावला असे आमच्याकडे रात्रीचे म्हणत नाहीत. मागच्या सीटवर तो मुलगा, त्याची आई आणि पाय धरून बसलेला त्याचा चुलता. पुढे मी, काच पुसायला, कारण वायपर अर्ध्यात थांबायचा.

त्या रात्री मीटर सत्तरच्या पुढे गेलेले मी पाहिले. सिंदफणेचा पट्टा मागे टाकून बीडच्या रस्त्याला लागल्यावर दार थडथडत होते, पायाखालून गरम हवा येत होती. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. मुलगा वाचला. आता तो स्वतः पिकअप चालवतो. ‘अण्णानं शंभरनं नेलं मला,’ असे तो सांगतो. मी सत्तर म्हणालो, की त्याला राग येतो.

मग तेव्हाची ‘फास्ट’ म्हणजे नेमकी किती?

पद्मिनीचे मूळ इटलीच्या फियाट ११०० या गाडीत. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात ती तयार होई. इंजिन १०८९ सीसी, ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवर, वजन नऊशे किलोच्या आसपास. अँबेसिडरची ताकद थोडी जास्त, पण वजनही त्याच प्रमाणात जास्त. म्हणजे दोघी सारख्याच मंद.

चित्र बदलले ते डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० आल्यावर. तिचे इंजिन पद्मिनीपेक्षा लहान, ७९६ सीसी आणि तीन सिलिंडरचे. ताकद ३९ हॉर्सपॉवरच्या जवळपास, म्हणजे पद्मिनीएवढीच. मग ती फियाटला सहज मागे कशी टाकायची? उत्तर वजनात आहे. मारुती साडेसहाशे किलोच्या आसपास होती. तोच बैल गाडीतली चार पोती उतरवल्यावर जसा चालेल, तसे हे. हिशेबच करायचा तर दर टनामागे फियाटला ४५ हॉर्सपॉवर मिळत, मारुतीला ६०. पहिल्यांदा मारुतीत बसलेल्या माणसाला पाठ सीटला टेकल्याचा जो भास व्हायचा, तो या फरकाचा.

पैसेवाल्यांची गोष्ट वेगळी. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा १९८४ ची. दिसायला रुबाबदार, पण सुरुवातीला तिच्यात अँबेसिडरचेच इंजिन. तेव्हा तिची ऐट जास्त आणि पळ कमी होती. पुढे इसुझू कंपनीचे १.८ लिटरचे, ८८ हॉर्सपॉवरचे इंजिन आणि पाच गिअर आले, आणि मग खरोखरच तिच्या नादाला कुणी लागेना. त्याच सुमारास प्रीमियरने ११८ एनई आणली. यातले ‘एनई’ म्हणजे निस्सान इंजिन. आमच्याकडे लग्नात नवरदेवाला ती भाड्याने आणली, तर जेवणाआधी चर्चा गाडीची व्हायची. १९९३ ला झेन आणि १९९४ ला एस्टीम आली. त्या वेळच्या तरुणांना स्वप्नवत वाटणाऱ्या एस्टीमची ताकद होती ६५ हॉर्सपॉवर. आज एक लिटरच्या साध्या, स्वस्त हॅचबॅकची तेवढीच असते.

परदेशी गाडी तर फोटोतच. मार्च १९८५ मध्ये मेलबर्नला रवी शास्त्री ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरला आणि त्याला ऑडी १०० मिळाली. मैदानात ती गाडी फिरतेय आणि टपावर-बॉनेटवर भारतीय खेळाडू बसलेत, हे दृश्य एका पिढीच्या डोक्यात पक्के बसले आहे. आयात शुल्क एवढे जबर होते, की ती भारतात आणण्यासाठी सरकारकडून सवलत घ्यावी लागली. २०२२ मध्ये ती गाडी नव्यासारखी दुरुस्त करून शास्त्रीच्या ताब्यात देण्यात आली.

सत्तरची स्पीड शंभरसारखी का वाटायची?

यात आठवणीचा दोष फार नाही. वेग माणसाला आकड्याने कळत नाही. तो कानाला, पाठीला आणि डोळ्यांच्या कडांना कळतो. जुन्या फियाटला चारच गिअर. सत्तरला इंजिन ओरडायला लागते. दारांची रबरे झिजलेली असतात, वारा शिट्टी घालतो. स्टेअरिंग हातात थरथरते. त्यातून रस्ता एकेरी, दोन्ही बाजूंना झाडे अगदी डांबराला लागून. जवळच्या वस्तू नजरेसमोरून जितक्या झपाट्याने मागे जातात, तितका मेंदू वेग जास्त धरतो. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मर्यादा आहे आणि तिथे १०० ने जाताना डुलकी लागते, ती याच कारणाने. नजरेच्या जवळ काहीच नसते आणि गाडीत आवाजही नसतो.

दुसरे असे, की तुलनेला काय होते? एसटी, ट्रॅक्टर, उसाची बैलगाडी. पाथर्डी, खरवंडी, पाडळशिंगी मार्गावर फियाटने एसटीला ओव्हरटेक केले तरी ती दोन दिवस सांगण्यासारखी गोष्ट असायची. १९९४ ला टाटा सुमो आली, तेव्हा गावात पुढारी आणि वेग हे दोन्ही तिच्याबरोबर आले, असे गमतीने म्हणता येईल. खरे तर तिचे डिझेल इंजिन दोन लिटरचे आणि साधे, टर्बो नसलेले. पण आकार, आवाज आणि आत बसलेली दहा माणसे पाहून लोक आधीच बाजूला व्हायचे.

मराठवाड्याची स्वतःची वेगवान गाडी कोणती?

हे फारसे कुणी सांगत नाही. भारतात विकली गेलेली पहिली टर्बो पेट्रोल कार मराठवाड्यात जोडली गेली. स्कोडाने २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा औद्योगिक वसाहतीत कारखाना सुरू केला आणि ऑक्टाव्हिया बाजारात आणली. २००४ मध्ये तिची ‘आरएस’ आवृत्ती आली. इंजिन १.८ लिटर टर्बो, ताकद १५० हॉर्सपॉवर. पद्मिनीच्या जवळजवळ चौपट. जुन्या आरएसचे मालक आजही ती जपून ठेवतात, सुट्या भागांसाठी वणवण करतात.

त्याच शहरात ऑक्टोबर २०१० मध्ये उद्योजक-व्यावसायिकांच्या गटाने एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटींच्या. त्या बातमीची आमच्याकडे बरेच दिवस चर्चा होती. कौतुक होते आणि थोडी कळही होती, कारण त्याच दसऱ्यानंतर इथली माणसे नेहमीसारखी ऊसतोडीला निघाली होती.

वेग होता, पण थांबायची सोय होती का?

नव्हती, आणि आठवणींत हा भाग गाळला जातो. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. घाटात किंवा सारखे ब्रेक लावल्यावर ड्रम तापतात आणि पेडल दाबले तरी गाडी हवी तशी थांबत नाही. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. चाळीसवर जी गाडी वीतभर आधी थांबली असती, ती ऐंशीवर थेट समोरच्या बैलगाडीत. मागच्या सीटवर पट्टे नाहीत, पुढे असले तरी सीटखाली कोंबलेले. एअरबॅग हा शब्दही ऐकलेला नव्हता. त्या रात्री रस्त्यात एखादी म्हैस उभी असती, तर ही गोष्ट सांगायला मी नसतो. अण्णांनाही ते माहीत होते. बीडहून परत येताना त्यांनी गाडी चाळिसाच्या वर नेली नाही.

गोठ्यातल्या गाडीचे आता काय करता येते?

आधी एक गैरसमज. ‘दहा वर्षांवरचे डिझेल, पंधरा वर्षांवरचे पेट्रोल बंद’ ही बंदी दिल्ली व परिसरातली. महाराष्ट्रात खासगी कारची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर तपासणीत गाडी योग्य ठरली, तर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवता येते. एप्रिल २०२२ पासून कारसाठी हे शुल्क ५ हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरील कारसाठी ते १० हजार, तर मोटारसायकलसाठी २ हजार रुपये आहे. पर्यावरण कर आणि विमा वेगळा. मुदत टळून गेली असेल, तर उशिराचा भुर्दंडही.

दुसरा मार्ग व्हिंटेजचा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. मात्र ती गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्याला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, इंधन भरणे एवढ्यापुरतीच. १९७४ च्या सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. पहिल्या मारुती ८०० ला २०३३ उजाडेल. आमची फियाट १९८६ ची, म्हणजे तिला अजून दहाएक वर्षे थांबावे लागेल.

तिसरा मार्ग नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राचा. तिथे गाडी दिल्याचे प्रमाणपत्र मिळते आणि नवी गाडी घेताना करात सवलत. गावात फिरणाऱ्या भंगारवाल्याला दिली, तर हे प्रमाणपत्र नाही. शिवाय परिवहन कार्यालयात नोंदणी रद्द होईपर्यंत कागदावर मालक तुम्हीच. त्या चेसिस नंबरचे पुढे काय होते, ते आपल्याला कळत नाही, म्हणून ही काळजी घ्याच.

इथेनॉलचे पेट्रोल जुन्या गाडीला चालते का?

चालते, पण जपून. पेट्रोलमधले इथेनॉल आता २० टक्क्यांवर गेले आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांतले जुने रबरी पाइप आणि पॅकिंग त्याने कडक होतात, चिरतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, तर टाकीच्या तळाशी पाणी साचते आणि पत्रा गंजतो. उपाय साधा आहे : इंधनाचे पाइप बदलून घ्या, टाकीत थोडेच पेट्रोल ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी चालू करून फिरवा. गंमत अशी, की या इथेनॉलचा मोठा वाटा उसाचा आणि तो ऊस तोडायला सर्वाधिक हात जातात ते आमच्याच जिल्ह्यातून.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, तेव्हा अण्णांनी मोबाइलवर ती बातमी दोनदा पाहिली. आमच्या फियाटचे कागद काढायचे की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. दहा हजार शुल्क, वरून पत्र्याचे काम, पाइप, टायर. धाकटा भाऊ म्हणतो, तेवढ्यात दोन वर्षांचे खत येईल. मी काही बोलत नाही.

गेल्या महिन्यात भावाच्या नव्या गाडीतून आम्ही बीडला निघालो होतो. २०१९ पासून नव्या गाड्यांना ८० ओलांडले, की इशारा वाजतो. तो वाजला तसे अण्णा दचकले. ‘काय बिघडलं रे?’ भाऊ म्हणाला, ‘काही नाही अण्णा, ऐंशी झाली.’ अण्णांनी खिडकीबाहेर पाहिले, मग मीटरकडे, मग पुन्हा बाहेर. ‘ऐंशी?’ ते म्हणाले. ‘कळलंच नाही.’