पेढीवरील लॅपटॉपची निगा व नव्या प्रणालीची स्थापना

आमच्या पेढीच्या माडीवर आजोबांच्या वेळच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या अद्याप आहेत. कागद शाबूत आहे, शाईही फारशी फिकी पडलेली नाही. परंतु त्या मोडी लिपीत असल्यामुळे आज पेढीवरील एकासही त्या वाचता येत नाहीत. संगणकातील हिशेबाची गोष्ट नेमकी उलटी आहे. तेथील अक्षर कोणासही वाचता येते. पण ते ज्या डब्यात साठविले तो डबा एके दिवशी उघडतच नाही, किंवा उघडणारा कारागीर आतले सारे पुसून तो आपल्या हाती देतो. या दुसऱ्या प्रकारचा फटका आम्हांस २०१९ साली बसला. लॅपटॉप मंद चालतो म्हणून दुरुस्तीस दिला. ‘फॉरमॅट करू का?’ असे दुकानदाराने विचारले आणि शब्दाचा अर्थ न समजताच आम्ही मान हलविली. यंत्र नव्यासारखे होऊन परत आले. हिशेब मात्र गेला. शेवटचा बॅकअप सात आठवड्यांपूर्वीचा होता. बिलबुके, हुंडेकऱ्याच्या पावत्या व वजनकाट्याच्या चिठ्ठ्या पुढे घेऊन दिवाणजींनी आणि आम्ही अकरा दिवस नोंदी पुन्हा केल्या, तरी तीन-चार उधाऱ्या सुटल्याच. अर्धा दोष कारागिराचा, अर्धा आमच्या अज्ञानाचा. त्यानंतर हे काम स्वतः शिकावयाचे ठरविले. शालान्त परीक्षेपुढे न शिकलेल्या आमच्यासारख्यास जे साधले, ते आपल्या सभासद बंधूंस व त्यांच्या घरच्या मुलाबाळांस साधणार नाही असे मुळीच नाही.

या विषयास सांप्रत विशेष निकड आली आहे. २०१५ च्या जुलैत निघालेल्या ‘विंडोज १०’ या प्रणालीची नित्याची विनामूल्य सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. याचा अर्थ यंत्र बंद पडते असा नव्हे. गोदामाच्या भिंतीस पडणारी नवी भोके बुजविणारा गवंडी येईनासा होतो, इतकेच. परंतु ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार व जी.एस.टी.ची विवरणपत्रे जातात, त्यास हे चालणार नाही. ‘विंडोज ११’ घालावे तर तीस टी.पी.एम. २.० ही सुरक्षा-व्यवस्था व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत सामान्यतः आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर तीस मान्य आहेत. पिढी ओळखण्याची खूण सोपी आहे: ‘आय५-८२५०यू’ असे नाव असल्यास आठवी पिढी, ‘आय५-७२००यू’ असल्यास सातवी. हे नाव सेटिंग्जमधील ‘अबाऊट’ या पानावर लिहिलेले असते. आपले यंत्र कोणत्या गटात बसते हे प्रथम पाहावे आणि मगच पेचकस हाती घ्यावा.

त्याआधीही एक काम आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधूनच बॅकअप घेऊन तो दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावा आणि त्यांतील एक दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून ताळेबंद जुळतो की नाही हे पाहावे. उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे नमुना न पाहता घेतलेले पोते होय. टॅली वापरणाऱ्यांनी तिचा परवाना जुन्या यंत्रावरून आधी ‘सरेंडर’ करावा. अन्यथा नव्या स्थापनेनंतर तो चालू करताना खटपट पडते. कायद्याप्रमाणे जी.एस.टी.चे दप्तर त्या त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागते, ही गोष्टही येथे ध्यानी असावी.

आता यंत्र उघडण्याविषयी. विजेची तार काढून यंत्र पूर्ण बंद करावे. लाकडी मेजावर सुती कापड अंथरावे. लोकरी वा नायलॉनचे कापड नको, कारण त्यांच्या घर्षणाने उत्पन्न होणारी स्थिर वीज नाजूक भागांस मारक ठरते. बसण्यापूर्वी एखाद्या धातूच्या मोठ्या वस्तूस हात लावावा. स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपच्या पाठीचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवावा, जसे आपण नमुन्याच्या पुड्या मांडतो. स्क्रूंची लांबी सारखी नसते. आखूड स्क्रूच्या जागी लांब बसविल्यास तो आतील भागास भोक पाडतो. झाकण निघताच पहिले काम बॅटरीची जोडणी सोडविण्याचे. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र तेथेच थांबावे आणि जाणत्या माणसाकडे जावे. ती दाबणे वा टोचणे म्हणजे आगीस निमंत्रण होय.

आपल्या धंद्यातील यंत्रांस खरा रोग धुळीचा. गव्हाचा कोंडा, डाळीची पूड व बारदानाचे तंतू पंख्यातून आत ओढले जाऊन तांब्याच्या बारीक पात्यांपुढे नमद्यासारखा थर साचतो. उष्णता बाहेर पडेनाशी झाली की प्रोसेसर स्वतःच आपली गती कमी करतो आणि आपण म्हणतो, यंत्र म्हातारे झाले! पंखा एका बोटाने धरून ठेवावा, म्हणजे तो उलटा फिरणार नाही, आणि मऊ कुंचल्याने हा थर काढावा. आमच्या यंत्रात पंख्याशेजारी चार जिवंत सोंडे निघाले. असे जीव आढळल्यास फवारा न मारता त्यांस अलगद कागदावर घेऊन बाहेर सोडावे. फवाऱ्याने यंत्राचीही हानी होते, तेव्हा येथे धर्म व व्यवहार यांत विरोध नाही. प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळून खडखडीत झाला असेल तर पुसून नवा लावावा. तो तांदळाच्या दाण्याएवढा पुरे, हरभऱ्याएवढा नको.

मंदपणाचे दुसरे कारण फिरत्या चकतीची हार्ड डिस्क हे होय. तिच्या जागी अडीच इंची एस.एस.डी. त्याच खाचेत बसते आणि सुरू होण्यास काही मिनिटे घेणारे यंत्र अर्ध्या-पाऊण मिनिटात तयार होते. रॅम चार जी.बी. असल्यास आठ करावी. मात्र डी.डी.आर.३ व डी.डी.आर.४ यांच्या खाचा निराळ्या असतात, म्हणून न बसणारी पट्टी बळाने दाबू नये. या बदलातील खरा लाभ वेगाचा नसून निर्धास्तपणाचा आहे, असे आमचे मत आहे. नवी प्रणाली कोऱ्या एस.एस.डी.वर घालावयाची आणि जुनी डिस्क, सर्व हिशेबांसह, जशीच्या तशी बाहेर काढून ठेवावयाची. जुनी डिस्क यंत्रात नसल्यामुळे स्थापनेत कितीही चूक झाली तरी तिला धक्का लागत नाही. आम्ही २०१९ मध्ये एवढेच केले असते तर ते अकरा दिवस वाचले असते.

स्थापना त्या मानाने सोपी. निदान आठ जी.बी.चा पेनड्राइव्ह घ्यावा. त्यावरील सर्व मजकूर पुसला जातो. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून स्थापनेचे साधन उतरवून घेऊन तो तयार करावा. मग यंत्र सुरू होताना एफ-१२, एफ-९, एस्केप यांपैकी त्या त्या कंपनीने ठरविलेली कळ दाबून पेनड्राइव्हवरून सुरुवात करावी. मूळ परवाना यंत्राच्या मदरबोर्डाशी निगडित असल्यास तीच आवृत्ती घातल्यावर इंटरनेट जोडताच तो आपोआप ओळखला जातो. चार पैसे वाचविण्यासाठी चोरटी प्रत घालून घेण्याची रीत बाजारात फार आहे. अचौर्याचे व्रत घेतलेल्यांनी तर ती टाळावीच. शिवाय अशा प्रतीतून शिरलेला उपद्रव बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचू शकतो. नवी प्रणाली कधी कधी न सांगताही डिस्क कुलूपबंद करते. तिची ४८ अंकी किल्ली शोधून ती वहीत लिहून ठेवावी, नाहीतर आपल्याच तिजोरीबाहेर आपण उभे.

सातव्या पिढीची व त्याआधीची यंत्रे भंगारात घालण्याचे कारण नाही. त्यांवर ‘लिनक्स मिंट’ वा ‘उबुंटू’ या मोफत प्रणाली उत्तम चालतात. मराठीत टंकलेखनही होते. स्थापना न करताच त्या पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतात, ही मोठी सोय. टॅली मात्र विंडोजसाठीच घडविलेली असल्याने हिशेब नव्या यंत्रावर ठेवून पत्रव्यवहार, बाजारभाव व मुलांचा अभ्यास यांस जुने यंत्र द्यावे. आमच्या घरी सूनबाई २०१४ सालच्या अशाच यंत्रावर पाठशाळेची प्रश्नपत्रिका तयार करते.

सर्व झाल्यावर हिशेब नव्या यंत्रात उतरवून छापयंत्र जोडावे, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन चालते की नाही हे पाहावे आणि एक बिल प्रत्यक्ष काढावे. जुनी डिस्क पुठ्ठ्याच्या डबीत घालून वर तारीख व यंत्राचे नाव लिहावे, आणि चालू वर्षाचे लेखापरीक्षण पुरे होईपर्यंत ती कपाटातून काढू नये.