वास आला, पण वस्तू कुठेच नव्हती

2014 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एमआयटीत संशोधन करणाऱ्या स्टीव्हन कीटिंगला रोज अर्धा मिनिट व्हिनेगरचा वास येऊ लागला. आसपास व्हिनेगर नसायचं. तुमच्याआमच्यापैकी कुणी असतं तर फ्रिज धुऊन काढला असता, फार तर सर्दीचं औषध घेतलं असतं. कीटिंगने डॉक्टरांकडे मेंदूच्या एमआरआयचा हट्ट धरला.

हट्टाला कारण होतं. 2007 मध्ये विद्यार्थी असताना तो एका संशोधनासाठी हौसेने एमआरआयच्या यंत्रात जाऊन झोपला होता. त्या वेळी मेंदूत एक लहानसा डाग दिसला. 2010 मध्ये पुन्हा पाहिलं तर डाग होता तेवढाच होता. चिंता नको, फक्त लक्ष ठेवा, असं त्याला सांगण्यात आलं. बहुतेक लोक असा सल्ला कानामागे टाकतात. याने मात्र तो डाग मेंदूत नेमका कुठे आहे ते शोधून काढलं आणि वास ओळखणारं केंद्र तिथून जवळच आहे हे ध्यानात ठेवलं. त्यामुळे व्हिनेगरचा वास आला तेव्हा त्याला नाकाऐवजी मेंदूचा संशय आला. एमआरआयमध्ये टेनिसच्या चेंडूएवढी गाठ निघाली आणि तीन आठवड्यांत बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलात शस्त्रक्रियाही झाली.

वस्तूच नाही तर वास येतो कुठून? एरवी वासाचे कण नाकाच्या छताशी असलेल्या पेशींना भिडतात. त्या पेशींचे बारीक तंतू वरच्या हाडातल्या भोकांमधून कवटीत शिरतात आणि निरोप मेंदूच्या तळाशी पोचतो. डोळ्यांचे, कानांचे निरोप आधी थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यावर थांबतात. वासाचा निरोप ते ठाणं टाळून थेट कानशिलामागच्या भागाच्या आतल्या कडेला जातो. त्याला लागूनच आठवणी आणि भीती सांभाळणारे भाग आहेत. आता तिथल्या चेतापेशींना गाठीने डिवचलं आणि त्या आपणहून ठिणग्या टाकू लागल्या, तर नाकातून निघालेला खरा निरोप आणि ही ठिणगी यांतला फरक मेंदूला कळत नाही. त्याच्या लेखी वास आला म्हणजे आला. ही एक प्रकारची फिटच असते. हातपाय झटकले जात नाहीत, तोंडाला फेस येत नाही, म्हणून आपण तिला फिट म्हणत नाही इतकंच.

याचा छडा लावला तो लंडनचे डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी, तेही एमआरआय तर सोडाच, क्ष-किरणांचाही शोध लागला नव्हता त्या काळात. 1889 च्या सुमारास त्यांनी चार्ल्स बीव्हर यांच्यासह एका स्वयंपाकिणीची हकीकत प्रसिद्ध केली. फिट येताना तिला काहीतरी घाणेरडं जळत असल्याचा वास यायचा आणि एक ठेंगणी कृष्णवर्णीय बाई स्वयंपाक करताना दिसायची. ती बाई काही बोलत नसे, नुसती लगबगीने वावरत असे. रुग्ण स्वतः स्वयंपाकीण आणि भासातली बाईही चुलीपाशीच! मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा उजव्या कानशिलामागच्या भागात गाठ सापडली. रुग्णाने सांगितलेला वास ऐकून घ्यायचा, लिहून ठेवायचा आणि त्यावरून कवटीच्या आतली जागा ओळखायची, हे मला आजच्या कुठल्याही यंत्राइतकंच अचाट वाटतं.

पण ऐकून घेणारा माणूस भेटायला हवा. संगीतकार जॉर्ज गर्शविन 1937 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मैफलीत वाजवता वाजवता काही क्षण हरवले आणि त्यांना जळक्या रबराचा वास आला. तो पुढेही येत राहिला, डोकेदुखी वाढत गेली, आणि दुखणं मनाचं आहे असं सांगितलं गेलं. 9 जुलैला ते बेशुद्ध पडले. प्रख्यात मेंदूशल्यविशारद वॉल्टर डँडी तेव्हा चेसापीक उपसागरात बोटीवर सुट्टी घालवत होते, त्यांना शोधायला सरकारी जहाजं धाडावी लागली. ते न्यूअर्कच्या विमानतळापर्यंत आलेही, पण तोवर वेळ निघून गेली होती. लॉस एंजेलिसमध्येच शस्त्रक्रिया झाली आणि 11 जुलैला अवघ्या 38 व्या वर्षी गर्शविन गेले.

हे वाचून कुणी घाबरून स्वयंपाकघर हुंगत फिरू नये. नसलेला वास येण्याचं कारण बहुतेक वेळा नाकातच असतं. सायनस असतो, सर्दीखोकल्याचा विषाणू असतो. कोविडनंतर कॉफीला कुजका वास येतो म्हणणारे आपल्यापैकी कितीतरी जण होते. कीटिंगला शंका आली ती वास ठरावीक होता, थोडा वेळच टिकत होता, रोज येत होता आणि मागे डागाचा इतिहास होता म्हणून.

कीटिंग मूळचा कॅनडाचा. तिथे 1990 च्या दशकात टीव्हीवर मिनिटभराचा एक लघुपट दाखवत, त्यात फिट येण्याआधी जळक्या टोस्टचा वास येणारी एक बाई होती. तो देशात इतका गाजला की जळका टोस्ट म्हटलं की तिथल्या माणसाला मेंदू आठवतो. त्यातले डॉक्टर म्हणजे मॉन्ट्रियलचे वाइल्डर पेनफिल्ड. रुग्णाला जागं ठेवून, कवटी उघडून, मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य वीज सोडत ते विचारायचे की आता काय वाटतं? कुणाचं बोट हलायचं, कुणाला जुनं गाणं ऐकू यायचं. हे जमतं, कारण टाळूची कातडी आणि मेंदूवरचं आवरण दुखतं, पण मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. सगळ्या अंगाचं दुखणं ज्याला कळतं, त्याला स्वतःला लागलेली सुरी कळत नाही.

कीटिंगची शस्त्रक्रियाही तशीच झाली. ती दहा तास चालली आणि डॉ. अँटोनिओ चिओक्का गाठ काढत असताना तो बोलत होता. त्याच्या आग्रहावरून तिचं चित्रीकरणही झालं. जागं ठेवायचं कारण असं की ग्लिओमा जातीची गाठ वेगळी, गोल, उचलून काढता येईल अशी नसते. गरम भातात तूप मुरावं तशी ती भल्या मेंदूत मुरलेली असते आणि कुठे थांबायचं ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रुग्णाला चित्रं दाखवतात. विजेचा स्पर्श झाल्यावर ‘मांजर’ म्हणताना तो अडखळला तर ती जागा सोडून द्यायची. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही अशा शस्त्रक्रिया होतात. दोन भाषा बोलणाऱ्यांचा घोळ आणखी गमतीचा आहे. 1978 मध्ये जॉर्ज ओजेमन आणि हॅरी व्हिटेकर यांनी दाखवलं की एकाच माणसाच्या दोन भाषांच्या काही जागा सामाईक, तर काही वेगळ्या असतात. म्हणजे घरी मराठी आणि कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्याची एकाच भाषेत परीक्षा घेऊन भागायचं नाही.

त्याच ब्रिगमच्या पूर्वजन्मी, पीटर बेंट ब्रिगम हॉस्पिटलात, हार्वी कुशिंग यांनी 2000 हून अधिक मेंदूच्या गाठींवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांनी बरण्यांत जपलेले मेंदू येल विद्यापीठाच्या तळघरात कित्येक वर्षं धूळ खात पडले होते. 2010 पासून ते लोकांना पाहता येतात. कुशिंग यांच्या काळी गाठ डॉक्टरची ठेव होती. कीटिंगने मात्र आपल्या स्कॅनवरून आपल्याच गाठीची त्रिमितीय प्रतिकृती छापून घेतली. स्वतःच्या आजाराची सुमारे 70 गीगाबाइट माहिती जमवली, ती जगासमोर खुली केली आणि माझीच माहिती मला मिळवायला इतके खेटे का, हा प्रश्न घेऊन व्हाइट हाउसपर्यंत गेला. पेशंटने जास्त वाचू नये म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे की याने वाचलं नसतं तर तो व्हिनेगरचा वास कुणाला कळला असता?

त्याच्या गाठीत आयडीएच1 नावाच्या जनुकात बिघाड होता. हे जनुक एक साधं विकर बनवतं. त्यातलं एक अक्षर बदललं की ते विकर भलतंच रसायन तयार करू लागतं. ते रसायन घडणीने ग्लुटामेटसारखं असतं, आणि ग्लुटामेट म्हणजे चेतापेशींना चेतवणारा मेंदूचा मुख्य संदेशवाहक. अशा गाठी असलेल्यांना फिट जास्त का येतात, याचं एक कारण इथे सापडतं.

खरा धक्का सप्टेंबर 2019 मध्ये बसला. हायडेलबर्ग आणि स्टॅनफर्डच्या गटांनी एकाच वेळी दाखवलं की चेतापेशी ग्लिओमाच्या पेशींशी चक्क जोडण्या करतात. निरोगी मेंदूत दोन चेतापेशींमध्ये असते तशीच ही जोडणी. त्या वाटेने येणारे संदेश गाठीला वाढायला मदत करतात. गाठ मेंदूत नुसती घर करून राहत नाही, घरातल्या विजेच्या तारांना आपली तारही जोडून घेते. 2023 मध्ये कॅलिफोर्नियात जागं ठेवलेल्या रुग्णांना चित्रांची नावं विचारली, तेव्हा भाषेच्या नेहमीच्या जागांपासून दूरच्या, गाठीने व्यापलेल्या भागांतही विद्युत हालचाल नोंदली गेली. शब्द उच्चारण्याच्या कामात गाठही सामील होती!

कीटिंग हे ऐकायला नव्हता. जुलै 2019 मध्ये 31 व्या वर्षी तो गेला. आयडीएचचं बिघडलेलं विकर रोखणारी व्होरासिडेनिब ही गोळी अमेरिकेत मान्य व्हायला ऑगस्ट 2024 उजाडला. मंद वाढणाऱ्या गाठींच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत, औषधाविना आजार साधारण 11.1 महिन्यांत पुढे सरकत होता, गोळीने तो काळ 27.7 महिन्यांवर गेला. हा आजार बरा करणारा उपाय नाही, पण पुढची शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लांबवता येणं हेही थोडं नाही. दुसरीकडे जर्मनीतले डॉक्टर पेरॅम्पॅनेल हे फिटवरचं जुनंच औषध मेंदूच्या गाठीवर तपासत आहेत. चेतापेशी आणि गाठ यांच्यातला ग्लुटामेटचा निरोप त्याने अडवता येतो का, हे त्यांना पाहायचं आहे.