सव्वाचार इंच

जाफराबाद तालुक्यात हरळीबद्दल कुणी चांगलं बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. केळना आणि पूर्णेच्या काठच्या काळ्या रानात कपाशी लावा, मका लावा, मिरची लावा, हरळी आणि कुंदा आपला वाटा घ्यायला हजर. उन्हाळ्यात कुदळीनं खणायचं, कांड्या वेचून बांधावर वाळत टाकायच्या, मग पेटवून द्यायच्या. त्यातूनही बोटभर कांडी मातीत राहिली की पहिल्या पावसाला तिच्या पेऱ्यातून कोंब वर येतो. ज्याचं रान हरळीनं धरलं, तो माणूस आळशी, असा गावाचा निकालही ठरलेला.

म्हणून माहोऱ्याकडचा एक ओळखीचा माणूस दिवाळीला आला आणि बांधावरच्या त्या ढिगाकडे बघून म्हणाला, "भाऊ, आमच्याकडं हिलाच रोज पाणी देतात, अन् हिच्यात दुसरं काही उगवलं तर ते उपटून फेकतात," तेव्हा ते वाक्य डोक्यातून जाईना. तो खारघरला गोल्फच्या मैदानावर कामाला आहे. नवख्या माणसाला हा खेळ शिकता येईल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "या की. पण आधी सकाळचं माझ्यासंगं फिरा. स्टिक मग धरा."

जालन्याहून जनशताब्दी, ठाण्याला उतरून पनवेलची लोकल, की खारघर. पांडवकड्याच्या डोंगराखाली सिडकोनं हे मैदान केलं आहे. सभासद नसलेल्यालाही पैसे भरून इथं खेळता येतं, आणि हीच त्याची मोठी गोष्ट आहे. महाराष्ट्रात गोल्फ जुना. पण तो बहुतेक लष्कराच्या नाहीतर क्लबांच्या कुंपणाआड राहिला. मुंबईचा विलिंग्डन क्लब १९१८ चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७ चा. नाशिककरांच्या तोंडी तर आजही 'गोल्फ क्लब मैदान' आहे. खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथं रणजी सामने होतात, पहाटे माणसं फिरायला जातात, आणि गोल्फ मात्र त्यांच्यापैकी क्वचितच कुणी खेळलेलं असतं.

खारघरचा तो ओळखीचा माणूस उजाडायच्या आत ग्रीनवर असतो. ग्रीन म्हणजे झेंड्याभोवतीचा, गवत अगदी बारीक कापलेला भाग. गवत कापायचा मोवर नुकताच फिरून गेलेला असतो आणि दवात भिजलेल्या कापल्या हरळीचा वास डिझेलच्या वासात मिसळून अंगावर येतो. बांधावर जळणाऱ्या हरळीचा वास मला लहानपणापासून माहीत आहे, पण ताज्या कापलेल्या हरळीचा असा गोडसर, कच्चा वास मी आयुष्यात पहिल्यांदा घेतला.

त्याचं काम होलची जागा बदलण्याचं. एकाच ठिकाणी होल राहिलं तर भोवतालचं गवत बुटांखाली मरतं, म्हणून जागा सतत हलवावी लागते. तो ग्रीनला एक फेरी मारतो, उकिडवा बसतो, तळहात जमिनीला टेकवतो. "उतारावर होल द्यायचं नाही. हातभर तरी चौफेर सपाट पाहिजे, नाहीतर चांगला मारलेला बॉल बी परत पायाशी येतो. ते पाप आपल्या डोक्यावर."

मग होल कटर. दोन मुठींचा पोलादी नळा. त्यावर छातीचा भार देऊन तो अर्धा वेढा इकडे, अर्धा तिकडे असा सावकाश फिरवत खाली नेतो. घाई केली की कड फाटते. नळा वर आला की त्यात मातीचा गोल ठोकळा. वर बोटाच्या नखाएवढाही उंच नसलेला हिरवा थर, आणि खाली ओल्या वाळूत विणलेली पांढरी मुळं, वीतभर. आमच्याकडे ज्या मुळांना शिव्या घालतात तीच. ग्रीनखाली काळी माती नसते, वाळूचा जाड थर असतो आणि त्याखाली खडी, म्हणजे पाणी साचत नाही आणि बुटांनी जमीन घट्टही होत नाही. तो ठोकळा तो दोन्ही तळहातांवर घेऊन जुन्या होलपाशी नेतो. आकड्यानं तिथला कप उपसतो, ठोकळा त्या खड्ड्यात बसवतो, पायानं दाबतो आणि मग चक्क गाल जमिनीला लावून आडवं बघतो. "वर राहिला तर उद्या मोवर सोलून नेईल. खाली राहिला तर बॉल अडखळेल." बाटलीतलं पाणी शिंपडून झालं की नव्या होलात कप बसवायचा. कपाची कड जमिनीच्या निदान एक इंच खाली गेली पाहिजे.

एवढं झाल्यावर काम संपलं असं कुणालाही वाटेल. त्यानं शर्टाच्या खिशातून छोटी कात्री काढली आणि होलात झुकलेली हरळीची पाती एकेक करून कापली.

मी विचारलं, रुंदी किती? "सव्वाचार इंच." कायम? "मोठा साहेब खेळो नाहीतर पिशव्या उचलणाऱ्या कॅडीचं पोरगं, सव्वाचार." नंतरही बोलता बोलता तो कुठूनही त्या आकड्यावर येई. शिकाऊ माणसाचा बॉल कडेवरून निसटला की म्हणे, "सव्वाचार इंच दिलंय, अजून काय द्यायचं!"

हा आकडा १८९१ साली स्कॉटलंडच्या सेंट अँड्रूज इथल्या क्लबनं नियमात बसवला. त्याआधी होलं हाताला येईल तशी खणली जात. मसलबरा गावच्या मैदानावर १८२९ साली होल पाडायचं एक अवजार आलं आणि त्याचं माप पुढे सगळ्या जगाचं झालं, असं सांगतात. त्याच १८२९ साली कलकत्त्यात रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब सुरू झाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब.

माझं शिक्षण याच होलापासून सुरू झालं. सरावाच्या ग्रीनवर त्यानं बॉल होलपासून एका पावलावर ठेवला आणि पटर, म्हणजे ग्रीनवर बॉल होलात ढकलायची काठी, हातात दिला. बॉलचा व्यास पावणेदोन इंचांहून किंचित कमी, म्हणजे होलात अडीच बॉल शेजारी-शेजारी मावतील. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण जोर जास्त झाला की बॉल कडेवरून उडी मारून जातो आणि तेच अडीच एकदम एकावर येतात. मनगटं गप्प ठेवायची, खांदे हलवायचे, डोकं बॉल होलात पडल्याचा आवाज येईपर्यंत वर करायचं नाही. एका पावलावरून जमलं की दोन, दोनवरून तीन.

आणि मग त्यानं मला गवत वाचायला शिकवलं. हरळी एका बाजूला कलून वाढते. मखमलीवर सुलटा-उलटा हात फिरवावा तसा तिचा रंग बदलतो. तुमच्यापासून दूर कलली असेल तर चमकते, तुमच्याकडे कलली असेल तर काळपट दिसते. "चमकलं की पळतं, काळं दिसलं की अडतं." शंका आली तर होलाची कड बघायची. ज्या बाजूला गवत कलतं तिकडची कड लवकर खरबरीत होते, वाळते. महागड्या बुटांतली माणसं झेंड्याकडे बघत सरळ पुढे जातात. हा माणूस कडेला वाकून बघतो, कारण उभ्या पिकाकडे बघूनच पाण्याचा ताण ओळखणाऱ्या घरातून तो आला आहे.

त्याच ग्रीनच्या पलीकडे बायका ओळीनं बसून खुरपत होत्या. काय काढता म्हणून विचारलं तर एक जण म्हणाली, "लव्हाळा. अन् रुंद पानाचं जे येईल ते." बाजूच्या पाटीत उपटलेला लव्हाळा होता, हरळीची एक काडी नव्हती. आमच्या तालुक्यातल्या बायका याच खुरप्यानं, याच बैठकीत, नेमकं उलटं काम करतात. इथलीही पाठ तशीच वाकलेली, गुडघेही तसेच धरलेले. उष्ण प्रदेशातल्या गोल्फ मैदानांसाठी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रात हरळीचे खास संकरित वाण तयार झाले आणि जगभर गेले. त्यांना बी धरत नाही. कांड्याच लावाव्या लागतात. बियाण्यांच्या धंद्यावर उभ्या असलेल्या जालन्याच्या माणसाला ही गोष्ट विशेष वाटावी.

लांब फटके मारायची सरावाची जागा वेगळी. तिथं प्रशिक्षक भेटतात आणि पहिल्या दिवशीच्या गोष्टी सगळीकडे सारख्याच सांगतात: सात नंबरची आयर्न घ्या, मूठ सैल ठेवा, अर्धाच झोका घ्या, बॉल उचलायला जाऊ नका, काठीच्या तोंडाचा तिरपेपणा त्याला आपोआप उचलतो. कुदळ धरायची सवय असलेल्या हातांना दहाही बोटांची पकड जवळची वाटते आणि ती चुकीचीही नाही. नवख्यांचे दोनच मोठे रोग, बॉलच्या आधी जमीन खणणं आणि बॉलच्या डोक्यावर मारणं. दोन्ही घाईतून येतात.

पण तिथं थांबून पाहिलं की एक गोष्ट खटकते. माझ्या शेजारी एक तरुण होता. नियमानं बाळगता येतात तेवढ्या चौदाच्या चौदा काठ्या नव्याकोऱ्या पिशवीत, आणि तो बादलीमागून बादली बॉल फक्त ड्रायव्हर नावाच्या लांब काठीनं फेकत होता. ग्रीनवर पाऊल न ठेवता तो घरी गेला. नवशिक्याला हा खेळ लांब फटक्याचा म्हणून विकला जातो, कारण महाग काठी त्यालाच लागते. हिशेब मात्र वेगळं सांगतो. अठरा होलांच्या मोठ्या मैदानाचा पार, म्हणजे अपेक्षित फटक्यांचा आकडा, बहुधा ७२ असतो, आणि त्यात प्रत्येक होलला ग्रीनवरचे दोन फटके धरलेले असतात. म्हणजे ३६. अर्धा खेळ त्या बारीक गवतावर, एका पटरनं. ज्याला सुरुवात करायची त्यानं होलापासून मागे मागे यावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. जुना पटर, सात नंबर आणि एखादी वेज, एवढ्यावर पहिले महिने सहज निघतात. नवख्याला लाज वाटू नये याची सोय तर नियमांतच आहे. २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत ५४ पर्यंत सवलत मिळते. होलमागे तीन जादा फटके.

हे होलापासून सुरू करण्याचं शहाणपण कोणत्याही पुस्तकाआधी या मैदानांवर राबणाऱ्यांना माहीत होतं. दिल्लीचे अली शेर कॅडी होते. १९९१ साली त्यांनी इंडियन ओपन जिंकली, असं करणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. शिव शंकर प्रसाद चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्त्यात ग्रीनची राखण करायचे. मुलगा २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला आणि २०१६, २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन. चौरसियांचं नाव लांब फटक्यांसाठी घेतलं जात नाही, होलजवळच्या खेळासाठी घेतलं जातं. आपल्याकडचे, पुण्याचे उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले, त्याचा मला अभिमान आहेच. पण चौरसियांची गोष्ट मी खारघरच्या त्या माणसाला सांगितली तेव्हा तो कटर पुसत होता, तो थांबला. म्हणाला, "ग्रीनवाल्याचं पोरगं पटला चुकणारच नाही. बापानं होल पाडलेलं बघितलंय त्यानं."

जाफराबादेत असं मैदान व्हावं असं मी म्हणणार नाही. कोकणपट्टीत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्याकडे सातशेच्या आतबाहेर, आणि कमी पावसाच्या वर्षी उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावाला हरळी पाजायचा अधिकार नाही. पण या देशात गोल्फ कायम हिरव्यावरच खेळला गेला, असंही नाही. कोरड्या भागांत पूर्वी गवताच्या ग्रीनऐवजी 'ब्राउन' असत, बारीक वाळूत तेल कालवून, दाबून, सपाट केलेले गोल. त्यावर माणसं पटिंग शिकली.

हे कळल्यावर मी गावातल्या शाळकरी मुलांसाठी तसा एक तुकडा करायचं ठरवलं आणि खारघरच्या त्या माणसाला फोन लावला. तो आधी हसला, मग कामाचं बोलू लागला. वाळू आणू नका, महाग पडेल. बारीक चाळलेला मुरूम टाका, पाणी मारा, खळ्यासारखी धुम्मस करा. शेणानं सारवू नका, बॉल रेटावा लागेल. होलासाठी शेतातला चार इंची पीव्हीसी पाईप कापून पुरावा, असं मी सुचवलं. तो क्षणभर गप्प राहिला.

"तो बाहेरून एकशेदहा मिलिमीटर भरतो. सव्वाचार इंच म्हणजे एकशेआठ."

चालेल ना पण?

"पोरांना चालेल. आतून तो सव्वाचारपेक्षा कमीच आहे, नजर कडक होईल त्यांची. फक्त पाईपची कड एक इंच खाली घ्या भाऊ, वर राहू देऊ नका. अन् पहिल्या दिवशी एका पावलाच्या पुढं कुणाला जाऊ देऊ नका."