पाऊस बिघडतो तेव्हा काय वाचावे?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीला महापूर आला आणि चिपळूण पाण्याखाली गेले. १८६४ पासून चालत आलेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरले आणि हजारो पुस्तके वाया गेली. २००५ च्या पुरातही या ग्रंथालयाने हेच सोसले होते. दोन्ही वेळा ते पुन्हा उभे राहिले.

पूर, दरड, दुष्काळ अशा काळात पुस्तकांचे काय काम, असे कुणीही विचारेल. पुस्तक पाणी अडवत नाही आणि गावात टँकरही आणत नाही. पण निसर्गाची घडी विस्कटते तेव्हा माणूसही आतून विस्कटतो. त्याला सावरायचे असते, हे का झाले ते कळून घ्यायचे असते आणि आता काय करायचे ते ठरवायचे असते. या तिन्ही कामांत पुस्तके मदत करतात. अट इतकीच, की कोणत्या वेळी कोणते पुस्तक हाती घ्यायचे हे कळायला हवे.

आधी गरज ओळखा

हवामान बदलावरचा आकडेवारीने भरलेला अहवाल उत्तम असू शकतो. पण ज्याच्या शेतातली माती नुकतीच वाहून गेली आहे, त्याच्या हाती तो देण्यात अर्थ नाही. उलट, गावामागचा डोंगर कुणी पोखरतो आहे हे दिसत असताना निसर्गाच्या सौंदर्यावरचे ललित लेख वाचत बसणे म्हणजे डोळे मिटून घेणे. म्हणून या लेखात पुस्तकांची विभागणी विषयानुसार न करता ती वाचकाचे कोणते काम करतात त्यानुसार केली आहे.

मन सावरण्यासाठी

दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने आणि प्रत्येक महिन्याचा एक लेख, अशी त्याची साधी रचना आहे. हे पुस्तक एका बैठकीत संपवू नये. वैशाखाचा लेख वैशाखात वाचावा, आषाढाचा आषाढात, आणि वाचून झाल्यावर खिडकीबाहेर पाहावे. बहावा फुलला का? पळसाची फुले आली कधी आणि गळाली कधी? बातम्यांमुळे सैरभैर झालेले मन अशा बारीक निरीक्षणाने ताळ्यावर येते, कारण लक्ष सगळ्या जगाच्या काळजीवरून समोरच्या एका झाडावर येते.

अशा पुस्तकांचा दुसरा उपयोग मोठा आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले, की शास्त्रज्ञांची प्रत्येक पिढी स्वतःच्या उमेदीच्या काळातली माशांची संख्या हीच मूळ संख्या मानते. त्यामुळे आधी किती घट झाली होती हे पुढच्यांच्या ध्यानातच येत नाही. हे माशांपुरते नाही. ज्याने गावच्या ओढ्याला मार्गशीर्षात पाणी कधी पाहिलेच नाही, त्याला कोरडा ओढा हाच खरा ओढा वाटतो. सत्तर वर्षांपूर्वीचे ऋतूंचे वर्णन आज वाचले की काय हरवले ते कळते, आणि काय अजून शिल्लक आहे तेही कळते. धीर येतो तो या दुसऱ्या गोष्टीमुळे.

मारुती चितमपल्ली यांचे लेखन याच वाटेवरचे. वनखात्याच्या नोकरीत त्यांची हयात गेली आणि नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट यांच्या सहवासात त्यांनी रानाची भाषा शिकून घेतली. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’ ही त्यांची पुस्तके मराठी घरांत पोहोचली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या पुस्तकांत रानाबरोबर रानातली माणसेही येतात. पक्ष्यांच्या सवयी, झाडांची नावे, पावसाचे अंदाज हे ज्ञान त्यांनी आदिवासींकडून आणि गावातल्या जाणत्यांकडून घेतले आणि ते ऋण उघडपणे मान्य केले. निसर्ग आणि माणूस यांचे वैर अटळ आहे असे वाटू लागले की ही पुस्तके काढावीत.

दुःखाला वाट देण्यासाठी

काही वेळा धीरापेक्षा आपले दुःख कुणी नेमके मांडलेले हवे असते. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही माणदेशातल्या धनगरांच्या वाडीची कादंबरी. तरुण मास्तर येतो, शाळा उभी राहते, तालीम बांधली जाते, आणि मग दुष्काळ पडतो. मेंढरे मरू लागतात, माणसे वाडी सोडून जातात. माडगूळकर कुठेही टाहो फोडत नाहीत आणि कुणाला दोषही देत नाहीत. एका वस्तीचे उठून जाणे ते सरळ सांगतात, म्हणूनच ते आतपर्यंत पोहोचते.

विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) धरणग्रस्तांची कथा सांगते आणि तिचा सूर संतप्त आहे. इथे गाव उठते ते आभाळाने पाठ फिरवली म्हणून नव्हे, तर कागदावरच्या निर्णयामुळे. या दोन कादंबऱ्या एकापाठोपाठ वाचल्या तर नैसर्गिक आपत्ती आणि माणसाने ओढवलेली आपत्ती यांतला फरक व्याख्यानाशिवाय कळतो.

आणखी एक भावना अनेकांना छळते, ती म्हणजे अपराधीपणाची. या नासाडीत आपलाही हात आहे, हे जाणवते पण बोलता येत नाही. त्यासाठी विभूतिभूषण बंदोपाध्याय यांची ‘आरण्यक’ ही १९३९ सालची बंगाली कादंबरी आहे. कोलकात्याचा तरुण नोकरीसाठी बिहारमधल्या जंगलात जातो. जंगलाची जमीन कुळांना लावून देणे हे त्याचे काम. तो त्या रानाच्या प्रेमात पडतो आणि आपल्याच हातांनी ते संपवतो. ही कादंबरी वाचकाला माफी देत नाही, पण अशी बोचणी घेऊन जगणारे आपण एकटे नाही हे सांगते.

कारण समजण्यासाठी

मन जरा स्थिरावले की कारणांकडे वळावे. रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ सप्टेंबर १९६२ मध्ये आले. या पुस्तकाची ताकद त्यातल्या साखळ्यांत आहे. अमेरिकेत एल्म वृक्षांचा रोग पसरवणारे भुंगेरे मारण्यासाठी डीडीटी हे कीटकनाशक फवारले गेले. विषारी पाने खाली पडली, ती गांडुळांनी खाल्ली, आणि वसंतात परतलेल्या रॉबिन पक्ष्यांनी ती गांडुळे खाल्ली. मिशिगनमधल्या एका विद्यापीठाच्या आवारात पक्षी तडफडून मरू लागले. भुंगेऱ्यासाठी मारलेले औषध पक्ष्यापर्यंत कसे पोहोचले, हे कार्सन एकेक पायरी उतरत दाखवतात.

रसायन कंपन्यांनी त्यांच्यावर झोड उठवली. पण राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने १९६३ मध्ये त्यांच्या म्हणण्याला मोठा आधार दिला. १९६४ मध्ये कर्करोगाने कार्सन यांचा मृत्यू झाला आणि १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर बंदी आली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती घटना आठवून हे पुस्तक वाचले तर ते अमेरिकेपुरते उरत नाही.

आपल्याकडे कारणमीमांसेची परंपरा त्याहून जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे सांगताना ते मातीची धूप, गायरान आणि रान वनखात्याच्या ताब्यात जाणे, पाण्याची आबाळ या गोष्टींवर बोट ठेवतात. पुढे उपायही सांगतात. लष्करातल्या व पोलिसांतल्या शिपायांकडून जागोजाग ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरेल, अशी त्यांची सूचना आहे. पाणलोट विकासाचा विचार मराठीत किती आधी झाला होता, हे पाहून आजचा वाचक थक्क होतो.

सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांनी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीचा २०११ चा अहवाल चाळावा. पश्चिम घाट पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील मानून त्याची तीन स्तरांत विभागणी त्यात केली आहे, तीही तालुकानिहाय. आपला तालुका कोणत्या स्तरात आहे, एवढे पाहिले तरी सुरुवात होते. आंबेगाव तालुक्यातले माळीण ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. अशी दुर्घटना घडली की हा अहवाल दर वेळी पुन्हा चर्चेत येतो. ज्याला अहवालाची भाषा जड वाटेल, त्याने गाडगीळांचे ‘सह्याचला आणि मी : एक प्रेमकहाणी’ हे आत्मकथन आधी वाचावे.

वाट शोधण्यासाठी

वर्ध्यात जन्मलेल्या अनुपम मिश्र यांचे ‘आज भी खरे हैं तालाब’ हे हिंदी पुस्तक १९९३ मध्ये गांधी शांती प्रतिष्ठानने काढले. मिश्र यांनी त्यावर कोणताही हक्क राखला नाही. ज्याला हवे त्याने छापावे, अनुवाद करावा, वाटावे. त्यामुळे त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि ते मराठीसह अनेक भाषांत गेले. पाणी कुठून गोळा होते, पाळ कशी बांधतात, जादा पाणी कुठून सोडतात, तळ्याची देखरेख कोण करते, हे सगळे त्यात तपशिलाने येते.

पूर्व विदर्भातल्या वाचकाला हे घरचेच वाटेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. कोहळी समाजातल्या जाणत्यांनी त्यांतले अनेक बांधले. मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, गेल्यावर ते सरकारच्या ताब्यात आले आणि ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ झाले. तलावाची मालकी बदलली की राखण कशी ढासळते आणि गाळ कसा साचतो, हे मिश्र यांच्या पुस्तकासोबत तलावाच्या पाळीवर उभे राहून पाहिले तर जास्त नीट कळते.

शेतीसाठी श्री. अ. दाभोलकर यांचे ‘विपुलाच सृष्टी’ आहे. गणिताच्या या प्राध्यापकाने ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि शेतकऱ्यांनी एकमेकांना आपले प्रयोग सांगावेत अशी पद्धत रुजवली. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा चरितार्थ कसा चालेल, याचे गणित ते सूर्यप्रकाश आणि पानांचा पसारा यांच्या हिशोबावर मांडतात. वाचक इथे नुसता वाचक राहत नाही, त्याला स्वतःच्या बांधावर प्रयोग करून पाहावाच लागतो.

मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ (२०१२) गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाविषयी आहे. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे वर्षानुवर्षांची तयारी होती. गावाने अभ्यास गट चालवला. प्रश्न समोर आला की तो गटात चर्चेला घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, कायदा समजून घ्यायचा आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसहमतीने करायचा. ज्ञानाचे रूपांतर हक्कात कसे होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मराठीत दुसरे सापडणे कठीण.

कुठे सावध राहावे

दिलासा देणारे प्रत्येक पुस्तक माहितीसाठी वापरू नये. जाँ जिओनो यांची झाडे लावणाऱ्या मेंढपाळाची १९५३ ची गोष्ट जगभर वाचली जाते आणि अनेकजण ती खरी समजतात. तो मेंढपाळ काल्पनिक आहे, आणि हे लेखकाने स्वतः सांगितले होते. गोष्ट म्हणून ती सुंदर आहे, पण वृक्षारोपणाची योजना तिच्यावरून आखायची नसते. माळरानावर सरसकट झाडे लावली तर माळढोक, तणमोर, लांडगा यांचा अधिवासच संपतो.

जुन्या पुस्तकांतली शास्त्रीय माहिती पुढे बदललेली असू शकते, तेव्हा ताज्या माहितीशी ताडून घ्यावी. सगळे संपले आहे असे सांगणारे आणि सगळे आपोआप ठीक होईल असे सांगणारे, अशा दोन्ही लेखकांपासून चार हात दूर राहावे. दोघांचेही ऐकून माणूस घरीच बसतो.

वाचायचे कसे

एकट्याने वाचले तर चिंता वाढण्याचा धोका असतो, म्हणून शक्यतो चौघांनी मिळून वाचावे. गावच्या किंवा सोसायटीच्या वाचनालयात महिन्यातून एकदा बसले तरी पुरे. धीर देणारे एक आणि कारण सांगणारे एक, अशी जोडी लावावी. वाचनानंतर एक तरी जागा प्रत्यक्ष पाहून यावी : ओढा, तलाव, खाण, कचरा डेपो, काहीही. आणि आपल्या जिल्ह्याचे गॅझेटियर जरूर उघडावे. त्या जुन्या खंडांत नद्या, तलाव, झाडे, पिके, दुष्काळ यांच्या नोंदी आहेत, आणि आपल्या गावाचे पूर्वीचे रूप त्यांतून दिसते.

गावाचे स्वतःचे पुस्तक

जैवविविधता कायदा २००२ साली आला. त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि लोकांच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. गावातली झाडे, प्राणी, मासे, पिकांची जुनी वाणे, औषधी वनस्पती आणि त्यांविषयीची लोकांची माहिती तिच्यात यावी, ही अपेक्षा आहे. उद्या गावात खाण आली, रस्ता आला, धरण आले, तर आपल्याकडे काय होते हे सांगायला अशी नोंद हाताशी लागते.

ही नोंदवही अनेक ठिकाणी कपाटात पडून आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जा, ती मागा आणि वाचा. चूक असेल तर दाखवून द्या आणि राहिलेले लिहायला सांगा. आजीला माहीत असलेली रानभाजी त्यात नसेल, तर ती नोंदवल्याशिवाय परत येऊ नका.