दिवेलागणीला कुत्रा फिरवू नका

फिनिक्समध्ये २०२३ साली ३० जूनपासून सलग ३१ दिवस दुपारचा पारा ४३ अंशांच्या पुढे गेला. विदर्भातले वाचक म्हणतील, त्यात काय एवढं? खरंच आहे. पण ॲरिझोनातल्या या वाळवंटी शहरात रस्ते ऐसपैस, डांबर काळंकुट्ट आणि झाडाची सावली दुर्मीळ. तिथे कुत्र्याला फिरवायला न्यायचं, तर मोबाइलवरच्या तापमानावर विसंबून चालत नाही.

तो आकडा सावलीतल्या हवेचा असतो, तोही जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरचा. डांबर मात्र बहुतेक सगळं ऊन शोषून घेतं आणि दुपारी सत्तर अंशांपर्यंत तापतं. भाजायला तेवढंही लागत नाही. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ मध्ये दाखवून दिलं, की ४४ अंशांना त्वचा भाजायला सुमारे सहा तास लागतात. ६० अंशांना काही सेकंद पुरतात.

कुत्र्याच्या पंजाची गादी राठ असते, आत चरबीचा थर असतो. रोहिण्यांभोवती नीलांचं जाळं असतं. उतरणारं गरम रक्त परतणाऱ्या गार रक्ताला ऊब देतं, म्हणून बर्फावरही पाय गोठत नाहीत. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये ही रचना उलगडली. पण ती थंडीसाठीची तजवीज! तापल्या डांबरावर गादी भाजते, काळवंडते, तिला फोड येतात. कुत्रं लंगडतं, सारखा पंजा चाटतं.

‘ऊन उतरलं की निघू’ हा हिशेब इथेच फसतो. दिवसभर मुरलेली उष्णता रस्ता सूर्य मावळल्यावरही तासन्‌तास सोडत राहतो. रात्रभर निवालेला रस्ता मिळतो तो पहाटे, उजाडण्याआधी. तरी निघताना पालथा हात सात सेकंद रस्त्यावर टेकवून पाहावा. टेकवत नसेल तर घरी परतावं. बुटांनी पंजे वाचतात, उष्माघात टळत नाही. कुत्रं मुख्यतः धापा टाकूनच अंग गार करतं, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही धड जमत नाही. फिनिक्स महापालिकेने तर ३८ अंशांपुढे डोंगरवाटांवर कुत्री न्यायला बंदीच घातली आहे.

२०२० पासून तिथे काही रस्त्यांवर फिकट करड्या रंगाचा लेप देतात. भर दुपारी असा रस्ता साध्या डांबरापेक्षा सुमारे सहा अंशांनी कमी तापतो. म्हणजे सत्तरचे चौसष्ट. पंजे भाजायचे ते भाजतातच. शिवाय लेपावरून परावर्तित झालेलं ऊन चालणाऱ्याच्या अंगावर येतं, असंही ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या मोजणीत आढळलं.